मोंझा: १९२२ चा बँकिंग आणि आज दिसणारी भिंत

मोंझा या इटलीतल्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकचा एक फोटो आला आहे; त्यात वळणावरची कलती काँक्रीटची भिंत (बँकिंग, म्हणजे बाहेरच्या बाजूला उंच केलेलं वळण) १९२२ ची म्हटली आहे. ती १९५५ ची. १९२२ च्या मूळ वळणांची त्रिज्या ३२० मीटर होती आणि बाहेरची कड आतल्यापेक्षा जेमतेम २.६ मीटर उंच, म्हणजे हिशेबाने ताशी १८०-१९० किमी वेगापर्यंतच चालणारी. नवीन भिंत काँक्रीटच्या खांबांवर उभी आहे, वरच्या कडेला सुमारे ३८ अंशांचा कल. तिच्यावर पायी चढून बघा, मग फरक कळेल!

बांधकामाचंही थोडं. मिलानच्या ऑटोमोबाइल क्लबला पंचवीस वर्षं होत होती म्हणून हा ट्रॅक बांधायचा घाट. राजवाड्याच्या उद्यानातली जागा ठरली, १९२२ च्या फेब्रुवारी अखेरीस पायाभरणी झाली आणि झाडांवरून ओरड झाल्यावर सरकारने काम थांबवलं. १४ किमीचा आराखडा १० वर आला: ५.५ किमीचा रस्ता, ४.५ किमीचा वेगाचा ट्रॅक. दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे चौक नाही, एक वरून, दुसरा खालून. पूर्ण १० किमीची फेरी मारता येते ती त्यामुळेच.

१५ मेला काम पुन्हा सुरू. ३५०० मजूर, ३० लॉऱ्या, २०० गाड्या आणि माल वाहायला ५ किमीची अरुंद रेल्वे. जुलैअखेर नाझारो आणि बोर्दिनो या शर्यतपटूंनी फियाटमधून पूर्ण फेरी मारली. ३ सप्टेंबरला उद्घाटन, १० तारखेला इटालियन ग्रांप्री. जिंकला बोर्दिनोच, फियाट ८०४ वर.