शब्दचर्चा: ट्रेसरला मराठीत काय म्हणावं?

रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी दोन दिवस अडून बसले आहे. चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठी, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) काही शस्त्रक्रियांत रुग्णाला आधी किरणोत्सारी 'ट्रेसर' टोचतात. ऑपरेशन चालू असताना सर्जन पेनासारखा गॅमा प्रोब (किरणोत्सर्ग मोजणारं उपकरण) आतड्यावरून, लसीका गाठींवरून (लिम्फ नोड) फिरवतात. ट्रेसर जिथे जास्त साठला असेल तिथे प्रोबचा आवाज वाढतो. ट्रेसरला 'अनुरेखक' हा शब्द सापडला, पण तो वाचला की मला नकाशा गिरवणारा माणूसच दिसतो. दुसरं काही सुचतंय का?

—

ताई, शंका रास्त आहे. अनुरेखक हे नकाशे गिरवणाऱ्या कर्मचाऱ्याचं पदनामच आहे. 'ट्रेस'चे अर्थ दोन, गिरवणं आणि माग काढणं. इथे दुसरा हवा.

'मार्गण' घ्या. संस्कृतात मार्गण म्हणजे शोध, आणि अमरकोशात बाणाच्या नावांतही तो आहे. इथे दोन्ही अर्थ चपखल बसतात. या अर्बुदांच्या बहुतेक पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही (रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या जागा) दाटीने असतात. ट्रेसरचा एक भाग त्या संप्रेरकासारखा घडवलेला असतो, तो ग्राहीत जाऊन रुततो. त्याला जोडलेला इंडियम-१११ किंवा गॅलियम-६८ हा किरणोत्सारी अणू तिथून किरण सोडत राहतो. इंडियमचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा वेळ) २.८ दिवस, गॅलियमचं जेमतेम ६८ मिनिटं. म्हणजे गॅलियम वापरायचं तर टोचणं आणि टेबलावर घेणं यांची वेळ फार काटेकोर जुळवावी लागते.

—

मार्गण देखणा शब्द आहे, पण ऑपरेशनच्या भीतीत असलेल्या माणसाला तो कोशात बघायला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

शिवाय अर्थाचीही अडचण आहे. ट्रेसर काही शोधत नाही. तो रक्तातून सगळीकडे जातो आणि ग्राही असतील तिथे टिकतो. प्लीहेतही साठतो. मूत्रपिंडांतून बाहेर पडतो, म्हणून तिथेही प्रोब जोरात वाजतो. माग काढतो तो सर्जन! ट्रेसर फक्त माग ठेवतो. मराठीत या दोन क्रिया अगदी वेगळ्या आहेत, मग त्यांची सरमिसळ का करायची?

रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी सहकारी पानेट यांच्यासोबत १९१३ साली ट्रेसरचं हे तंत्र मांडलं, तेव्हा शब्द वापरला होता 'इंडिकेटर', म्हणजे दर्शक. पुढे १९२३ मध्ये त्यांनी किरणोत्सारी शिसं वापरून घेवड्याच्या जातीतल्या एका रोपात शिसं कुठवर चढतं ते पाहिलं. १९४३ च्या नोबेलच्या मानपत्रात मात्र 'ट्रेसर' आला आणि तोच रुळला. मला जुना शब्दच जास्त खरा वाटतो. 'माग दाखवणारं द्रव्य' म्हणा. दोन शब्द जास्त झाले तरी चालतील.

—

माग काढणं आणि माग ठेवणं हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. मनापासून आभार. आता असं लिहिलंय:

'शस्त्रक्रियेआधी तुम्हाला थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचलं जाईल. ते गाठींमध्ये जास्त साठतं आणि त्यांचा माग दाखवतं. त्याच्या आधाराने डॉक्टर लहान गाठीही हुडकू शकतात.'

'शोधू'चं 'हुडकू' मुद्दाम केलं. गाठ आहे हे स्कॅनमध्ये आधीच दिसलेलं असतं. पण आतड्याच्या वळ्यांमध्ये काही मिलिमीटरची गाठ बोटांना लागेलच असं नाही. तिथे 'शोधणं' फिकं वाटतं, आणि 'निदान' तर चुकीचंच.

आता राहिला 'बॅकग्राउंड'. प्रोबने मोजलेला गाठीवरचा आकडा शेजारच्या निरोगी ऊतीवरच्या आकड्याशी ताडून पाहतात, त्या शेजारच्या आकड्याला हा शब्द आहे. 'पार्श्वभूमी' लिहिलं तर वाचणाऱ्याला आपला पूर्वेतिहास विचारताहेत असं वाटेल. 'आजूबाजूचा किरणोत्सर्ग' चालेल का?