मदत हवी आहे : बाणगंगेवरच्या मैफलीत पेटीवादकाचा फोटो कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा गेली ४२ वर्षं पेटीची साथ करतात. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गिरगाव-दादरच्या मैफली, असं आम्ही लहानपणापासून बघितलं. नोकरी संपली, साथ चालू आहे. येत्या जानेवारीत मुंबईत वाळकेश्वरला बाणगंगा तलावाच्या काठावर दोन संध्याकाळी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम आहे, त्यात पहिल्या दिवशी बाबा साथीला आहेत. पूर्वी एमटीडीसीचा बाणगंगा महोत्सव व्हायचा तेव्हा आम्ही तिथल्या पायऱ्यांवर सतरंजी टाकून ऐकायला जायचो. आता तिथेच बाबा वाजवणार म्हणून आई तर आत्तापासून झब्ब्यांना इस्त्री करून ठेवते आहे.

प्रश्न फोटोंचा आहे. घरी मैफलींचे तीसेक फोटो आहेत. सगळ्यांत गायक मधोमध आणि उजव्या कडेला बाबांचा अर्धा खांदा. एकात चेहरा आलाय, पण त्यावरून माइकचा स्टँड गेलाय. एकात फक्त भात्यावरचा डावा हात आहे, मनगटावर घड्याळ, बास. फोटोग्राफरला गायकाचेच फोटो सांगितलेले असतात, त्याला दोष देत नाही. पण चेहरा आणि पट्ट्यांवरची बोटं एकत्र दिसतील असा बाबांचा एक तरी फोटो मला हवा आहे.

माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम या दोन झूम लेन्स. गेल्या वर्षी बाबा एका मैदानावरच्या महोत्सवात वाजवत होते तेव्हा प्रयत्न केला होता. गेटवर अडवलं, लेन्स बदलता येणारा कॅमेरा आत चालणार नाही म्हणून. अर्धा तास विनवण्या केल्यावर सोडलं, तोवर बडा ख्याल (संथ लयीतली मुख्य बंदिश) अर्ध्यावर आला होता. मग मागून २५० वर झूम करून, १/५०० सेकंद शटर आणि ६४०० आयएसओ (हा आकडा वाढवला की कमी प्रकाशातही फोटो येतो, पण रवाळ) ठेवून काढले. फोटो रवाळ आले ते एक, आणि निम्म्या फोटोंत काळे आडवे पट्टे. बाबांचा चेहरा नेमका पट्ट्यात.

शटरचा वेग कमी केला तर फोटोत बोटं हललेली येतात, वाढवला तर पट्टे येतात. काय करू? नवीन लेन्स घ्यावी लागेल का? आणि बसू कुठे? शटरच्या खटखटीचीही धास्ती आहे. आलापात कोणी साधा खोकला तरी बाबांच्या कपाळावर आठी येते.

प्रतिसाद १

पट्टे एलईडी दिव्यांमुळे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० ला कॅमेऱ्याला कळतं. १/१०० ठेवा, म्हणजे एक अख्खी लुकलुक फोटोत मावते आणि पट्टे जातात. बोटांसाठी शटर वाढवण्यापेक्षा क्षण निवडा. तुम्ही पेटीवादकाच्या घरात वाढलात, तुम्हाला मी काय सांगणार! गायक बढत करत (राग सावकाश फुलवत) असताना साथीदार कितीदा एका सुरावर थांबलेला असतो. बोटं तेव्हा स्थिर असतात आणि नजर गायकाकडे असते. शिवाय बड्या ख्यालात तबल्याचा ठेका चालू असतो, त्यात खट्ट आवाज बराचसा बुडतो. सुरुवातीच्या आलापात मात्र कॅमेरा मांडीवर ठेवा.

लेन्स विकत घेऊ नका, ८५ एमएम एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) दोन दिवसांसाठी भाड्याने आणा, फोर्टात चौकशी करा. तुमच्या झूमच्या एफ/५.६ पेक्षा ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, १६०० आयएसओमध्ये काम व्हावं. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, नाहीतर मागचा अंधार बघून कॅमेरा पांढरा झब्बा पार जाळून टाकेल. फ्लॅश तर नाहीच, फोकससाठी कॅमेरा लाइट टाकत असेल तर तोही बंद करा.

पेटी बहुधा गायकाच्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्या उजवीकडे असते आणि वादक गायकाकडे वळून बसतो. म्हणून तुम्ही श्रोत्यांच्या डाव्या बाजूला बसा. समोरून खालून काढलंत तर भात्याआड बोटं जातील. चार-पाच पायऱ्या वर जा, पट्ट्या दिसतील.

हात बसायला आधी काळा घोडा महोत्सवात सराव करा असं म्हणणार होतो, पण तो तुमच्या तारखेनंतर येतो. एखाद्या संध्याकाळी घरीच बाबांना रियाजाला बसवा आणि एका दिव्यात काढून बघा.

प्रतिसाद २

मी वाळकेश्वरची. एसी टॅक्सीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, समुद्र जवळ आहे, लेन्सवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून १५-२० मिनिटं बसा. पाण्यालगतच्या पायऱ्या निसरड्या आहेत, तिथे ट्रायपॉड लावू नका. भोवती देवळं आणि राहती घरं आहेत, कुणाच्या ओट्यावर चढायचं तर विचारून चढा, लोक नाही म्हणत नाहीत. कॅमेऱ्याची परवानगी आयोजकांकडून आधीच लेखी घ्या. बाबांनीच फोन केला तर लवकर मिळेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना रियाजाला बसवलं. १/१०० ठेवून मारूबिहागात त्यांनी गंधार धरला तेव्हा एक फोटो काढला. कॅमेऱ्यासोबतची १८-५५ लेन्स होती, रवाळ आहे, पण बोटं अगदी स्पष्ट आहेत. मधल्या बोटाचं नख पेटीच्या कडेला घासून झिजलंय, ते मला आजवर माहीत नव्हतं.

बाबा आज आयोजकांना फोन करताहेत. आता एवढंच सांगा, ८५ एमएम भाड्याने घेताना डिपॉझिट किती मागतात, आणि शुक्रवारी घेऊन सोमवारी परत केली तर रविवारचं भाडं लावतात का?