महापालिकेच्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास हवा का?

पाचवीच्या बाई:
गेल्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकांनी मागणी केली, की दर शनिवारी अर्धा तास मनाचे श्लोक आणि गीतेचा एक अध्याय घ्या. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहितेय.

माझं मत स्पष्ट आहे, नको. काही वर्षांपूर्वी मीच परिपाठात रोज एक श्लोक म्हणून घ्यायचे. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी नुसते ओठ हलवायची. हात जोडलेले, पण एका अंगठ्यानं दुसऱ्याचं नख खुडत राहायची. पाठ नसेल म्हणून सगळ्यांसमोर मी तिला झापलं. मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "बाई, पाठ हाय. पण घरात कळलं तर दादी रागावती." दहा वर्षांच्या पोरीला घर की बाई, यातलं एक निवडायला मी लावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून श्लोक बंद केला.

शिरोली एमआयडीसी:
बाई, बैठकीत मागणी करणारा मीच. त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझंही ऐका. आम्ही दोघं नवरा-बायको शिफ्टमध्ये. आई होती तोवर संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ व्हायचा, मी तिच्या मांडीवर बसून शिकलो. माझ्या पोराला ते कोण देणार? तो धर्म शिकतोय तो मोबाईलवर, आणि तिथं भक्ती नाही, नुसती दुसऱ्याबद्दलची चीड आहे. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून आपल्या गावात दंगल पेटली, इंटरनेट बंद करायची वेळ आली, विसरलात? शाळेनं हात झटकले म्हणून ती जागा मोबाईलनं घेतली.

कोर्टाच्या आवारातून:
कायद्यापुरतं सांगतो. घटनेच्या अनुच्छेद २८(१) प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही, अल्पवयीन मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. मात्र २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सगळ्या धर्मांची माहिती देणं वेगळं, त्याला आडकाठी नाही. श्लोक पाठ करून घेणं आणि वारी का निघते, रोजा का धरतात हे समजावणं, यातला फरक हाच.

पेठेतला जुना:
कायदा झाला, आता गावाचं बोला. शाहू महाराजांनी १९२० साली शिवाजी वैदिक विद्यालय काढलंच की! धर्म शिकवणं म्हणजे मागासपणा, असं महाराजांच्या गावात तरी म्हणू नका.

पाचवीच्या बाई:
दादा, तसं मी म्हटलंच नाही. पण ते विद्यालय का काढावं लागलं? वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करून घ्यायच्या हक्काचा वाद पेटला तो पंचगंगेच्या काठावर. महाराज स्नानाला आले असताना भटजी वेदमंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानलेले पुराणोक्त मंत्र म्हणतात, हे लक्षात आलं म्हणून. छत्रपतींनासुद्धा धर्मात पायरी दाखवली गेली. त्यावर उपाय म्हणून पौरोहित्य शिकू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळं विद्यालय काढलं. पण १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तो सगळ्या जातिधर्मांच्या पोरांसाठी. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! जिथं यायची सक्ती आहे, तिथं एकाच धर्माचं पाठांतर कसं चालेल? आणि गीता कोणाच्या तोंडून शिकवायची, कोणता अर्थ सांगायचा, हेही ठरवावं लागेल. मी डी.एड. केलंय, कीर्तनकार नाही.

दसरा चौकाजवळची:
माझी दोन्ही मुलं महापालिकेच्या शाळेत शिकली. अरबी शिकायला संध्याकाळी जातात, त्यासाठी शाळा नको. पण मोहरमात पंजे बसतात ते काय, हे शेजारच्या बाकावरच्या मुलाला माहीत असावं असं फार वाटतं. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलाय, किती मुलांनी बघितलाय? मुस्लिम बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग ही विद्यार्थ्यांची वसतिगृहं एकाच चौकात कशी, हे तर माझ्या मुलाच्या वर्गात कुणालाच सांगता आलं नाही. बाई, एवढं शिकवाल का?

पाचवीच्या बाई:
शिकवेन, ताई. परिसर अभ्यासाच्या तासालाच बसतं ते. पोरांना चालत घेऊन जाईन. शिरोलीचे दादा, तुम्हीही या. पोरांना हरिपाठ म्हणून दाखवा, त्यांनी नुसतं ऐकायचं.

शिरोली एमआयडीसी:
रात्रपाळी नसली तर येतो, बाई. बोर्डिंग मीही आतून बघितलेलं नाही. पण पोरांनी ऐकणं आणि माझ्या पोराच्या तोंडात ते बसणं, यात फरक आहे. ते कुठं बसणार, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.