अभ्यासिकेच्या वायफायवर माणशी २ एमबीपीएसची मर्यादा नको

पेठकर:
सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचं वायफाय मी सांभाळतो. ८० खुर्च्या, १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट) लाइन. संध्याकाळी सातनंतर लेक्चरचे व्हिडिओ अडकतात म्हणून मालकांनी माणशी २ एमबीपीएसची मर्यादा घातलीय. मला हे मुळीच पटलेलं नाही. दुपारी चारच जण असतात तेव्हा ९२ एमबीपीएस नुसते पडून राहतात. संध्याकाळी ८० जणांना २ म्हणजे १६०, तेवढी लाइनच नाही!

आणि खरा तुटवडा हवेतल्या वेळेचा आहे. एका चॅनलवर, म्हणजे वायफायच्या एका रेडिओ-पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं. वायफाय पाळ्या सारख्या देतं, वेळ सारखा देत नाही. एक फोन ५४ च्या वेगाने जोडलेला आणि दुसरा भिंतीआड ६ च्या, तर दुसऱ्याची पाळी संपता संपत नाही आणि दोघांच्याही हाती साडेपाचसुद्धा लागत नाहीत. वेळ निम्मा निम्मा वाटा, पहिल्याला २७ मिळतील.

खुर्ची ६३:
आणि दुसऱ्याला ३. दादा, तो दुसरा फोन माझा आहे. मी जिन्याजवळ बसते, फी सगळ्यांएवढीच भरते. माझे साडेपाचचे ३ करणं न्याय कसा?

कोथरूडची अभ्यासिका:
मी मर्यादेच्या बाजूने. गेल्या वर्षी अर्जाच्या शेवटच्या रात्री एका लॅपटॉपचं अपडेट सुरू झालं आणि एका मुलीचं फी भरायचं पान उघडेचना. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. २ म्हणजे २, हे सगळ्यांना कळतं, भांडण होत नाही.

पेठकर:
तुमची कळकळ समजते, पण ते पान अडलं रांगेमुळे. अपडेटची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, राउटरमध्ये साचतात आणि फीचं पान त्यांच्या मागे ताटकळतं. एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत प्रत्येक जोडणीची रांग वेगळी ठेवते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फुकट आहे. वेग लाइनपेक्षा जरा कमी, ९० वर बांधायचा, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते.

६३, तुझं म्हणणं खरं आहे. जिन्याजवळ दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी पेटी, हवाच, वायर ओढून. नुसता रिपीटर, जो सिग्नल हवेतूनच घेऊन पुढे पाठवतो, हवेतला वेळ आणखी खाईल.

खुर्ची ६३:
मग चॅनल बघून लावा. शेजारच्या मेसचा राउटर चॅनल ६ वर आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न घुसणारे १, ६, ११ एवढेच. पॉइंट लागेपर्यंत मात्र माझं मत मर्यादेलाच.