कॉलेज १८५४ चं, मग कारखाने इतके उशिरा का?

चौकस_बाणेर:
पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ ला सुरू झाला, बोरीबंदर-ठाणे रेल्वेच्या दुसऱ्याच वर्षी. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आलं १९५४ ला. मधली शंभर वर्षं ही शिकलेली मुलं करत काय होती? एमएच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय.

फिटरमास्तर:
ताई, मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो, तेव्हा उत्तर कानस धरणाऱ्याच्या बाजूने येणार. तो वर्ग कारखान्यांसाठी नव्हताच हो. सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते आणि देखरेखीला प्रत्येक माणूस विलायतेहून आणणं परवडत नव्हतं. रुडकीचं १८४७ चं कॉलेजही असंच, गंगा कालव्याच्या कामासाठी. शिकवणं कच्चं होतं असं कोणी म्हणू नये. विश्वेश्वरय्या इथूनच १८८३ ला शिकून बाहेर पडले. खडकवासल्याला १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसले, ते त्यांचेच. पण एवढं डोकंही पाटबंधाऱ्यात गेलं, कारण नोकरी तिथे होती.

यंत्रं मात्र यायची बोटीने. सरकारी खरेदी लंडनहून, रेल्वेची इंजिनं बहुतेक तिकडचीच. दुरुस्ती इथल्या वर्कशॉपात, तीही गोऱ्या नाहीतर अँग्लो-इंडियन फोरमनच्या हाताखाली. आज आयटीआयतलं आमचं पोरगं वाइसमध्ये लोखंड धरून घासतं, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे बघतं, फट दिसली की पुन्हा घासतं. हा कंटाळा ते सोसतं, कारण भोसरीत काम आहे. काम नसतं तर बापानेच येऊन नाव काढलं असतं.

सदाशिवपेठी:
शंभर वर्षं रिकामी नव्हती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे! रानड्यांनी १८९० ला पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. त्याच साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने गज्जरांचं कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, निघालं. मुंबईत व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था १८८७ ला, आणि तिथे गिरण्या आधीपासून होत्या. म्हणजे मास्तर म्हणतात तेच, काम असेल तिथे शिक्षण.

तळेगावचा:
पैसाफंड विसरलात की राव. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला आणि १९०८ ला आमच्याकडे काच कारखाना उभा राहिला. परदेशात काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. तो कारखानाही होता आणि शाळाही. नळी फुंकायला शिकायची ती धगधगत्या भट्टीसमोर, वहीत नाही. इथून शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. त्यात सरकारची पेन्शनवाली नोकरी कुठेच नाही.

चौकस_बाणेर:
मग सरकारला जाग कधी आली?

फिटरमास्तर:
महायुद्धात बोटी अडल्या तेव्हा. १९१६ ला औद्योगिक आयोग नेमला, सर थॉमस हॉलंड अध्यक्ष. मालवीयजींनी त्यात आपली वेगळी टिपणी जोडली, ती आधी वाचा. अहवालाचं बाड नंतर उघडलं तरी चालेल.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्याच प्रोजेक्टात. व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. त्यांना डावलून बढती अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगाव गाठलं. आधी सायकली, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. १९१० ला किर्लोस्करवाडी. त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी होतं, लंडनचं खरेदीखातं नव्हे. शेतकरीही सुरुवातीला बिचकलाच, लोखंडाच्या नांगराने जमीन नासते म्हणायचा. पण त्याची समजूत बांधावर जाऊन घालता येत होती.