कर्ज पावणेपंचेचाळीस लाख. नाशिकमध्ये 'दिवाळखोरीचा वकील' पारखायचा कसा?

टर्नर_अंबड
नमस्कार मंडळी. नाव सांगत नाही, निम्मं सिडको इथं वाचत असतं.

अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात माझं जॉबवर्क आहे. दोन सीएनसी, एक जुना लेथ, चार पोरं कामाला. म्हणजे होती, आता दोनच येतात. एका मोठ्या पार्टीकडे ११ लाख अडकलेत. ती दर महिन्याला 'येत्या दहा तारखेला नक्की' म्हणते. त्या दहा तारखेच्या भरवशावर मी कर्ज फेडायला कर्ज काढत गेलो. चूक माझीच.

हिशोब असा आहे. बँकेचं मशीनचं कर्ज आणि सीसी (कॅश क्रेडिट खातं) मिळून ३१ लाख. त्याला पवननगरचा राहता फ्लॅट तारण, बायको जामीनदार. पतसंस्थेचे ६ लाख, तिथं जामीनदार मेहुणा. एका ओळखीच्याकडून ४ लाख, शेकडा ३ रुपये महिना, आणि त्याच्या कपाटात माझे सही केलेले पाच कोरे चेक. उरलेले ३ लाख ८० हजार क्रेडिट कार्डं आणि मोबाइलवरच्या ॲपचे. बँकेची ६० दिवसांची नोटीस आली, त्याला आज १९ दिवस झाले.

तिघांना भेटून झालं. पहिला वकील नाहीच, फोनवरची एक एजन्सी. 'सगळं ४० टक्क्यांत मिटवतो, बँकेचे हप्ते बंद करा आणि दरमहा आमच्या खात्यात भरा.' दुसऱ्यांचं ऑफिस झकास, एसी, भिंतभर पुस्तकं. म्हणाले, 'दिवाळखोरी टाकू, सगळं जागच्या जागी थांबतं, ५० हजार जमा करा.' माझी पिशवी मांडीवरच राहिली, एक कागद त्यांनी पाहिला नाही. तिसरे काकांचे स्नेही, जमिनीचे दावे चालवतात. ते म्हणाले, 'माझा विषय नाही, पण करून बघू.' माणूस चांगला वाटला, पण 'करून बघू' ऐकून पोटात गोळा आला.

कुणाचं नाव सुचवू नका. मला पारख कशी करायची ते सांगा. बायकोला नोटीस दाखवली आहे. मेहुण्याला अजून काहीच माहीत नाही.


गंगापूररोडकर
आधी फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. वकील नंतर बघा. माझ्या मित्राने केलं होतं, कुणी काही वाकडं केलं नाही.


प्रेसवाला
टर्नरभाऊ, वरचा सल्ला विसरा. फ्लॅट बँकेकडे तारण आहे, तो कुणाच्याही नावावर केला तरी तारण त्याच्यासोबतच जातं. आणि वहिनी स्वतः जामीनदार आहेत, म्हणजे या खिशातून त्या खिशात. शिवाय उद्या खरंच नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायची वेळ आली, तर अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट रद्द करू शकतं आणि तुमचा हेतू वाईट ठरतो तो वेगळाच. असा सल्ला देणारा वकील भेटला तर चहा न पिता उठा.

आता माझी गोष्ट. माझी ऑफसेट प्रेस होती, लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं. २०१८ मध्ये तुमच्यासारखीच ६० दिवसांची नोटीस आली. ती सरफेसी कायद्याखालची, कलम १३(२), म्हणजे तारण मालमत्ता बँक थेट ताब्यात घेऊ शकते तो कायदा. मी घाबरून ओळखीतल्या वकिलाकडे गेलो. त्यांनी इथल्या दिवाणी कोर्टात मनाईचा दावा टाकला. सात आठवडे तारखा पडल्या. मी खूश, काहीतरी चाललंय म्हणून. मग बँकेच्या वकिलाने उभं राहून एका वाक्यात सांगितलं की या कायद्यातल्या बाबींवर दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. दावा उडाला. सात आठवडे गेले, फी गेली आणि मी पुन्हा शून्यावर.

त्या सात आठवड्यांत करायचं होतं ते वेगळंच. नोटिशीला लेखी हरकत घ्यायची. हिशोब चुकला असेल, व्याज जास्त लावलं असेल, एखादा भरणा जमा दाखवला नसेल, ते सगळं मांडायचं. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ६० दिवस संपून बँकेने ताब्याची कारवाई सुरू केली, तर तिथून ४५ दिवसांच्या आत डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, अर्ज करता येतो. डीआरटी नाशिकात नाही, त्यामुळे तिथे नेहमी उभा राहणारा वकील लागतो. तुमचे ४१ दिवस बाकी आहेत. ते सोन्याचे आहेत.

दुसरे वकील कसे सापडले ते सांगतो, कारण तुमचा प्रश्न तो आहे. त्यांनी माझी पिशवी टेबलावर पालथी केली. सॅन्क्शन लेटर, गहाणखत, खातेउतारा, नोटीस असे चार गठ्ठे केले. पाऊण तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'घर वाचेल असं मी सांगणार नाही. तुम्हाला चारेक महिने मिळवून देता येतील असं वाटतं. तेवढ्यात गिऱ्हाईक तुम्हीच शोधा. लिलावात गेलं तर पाण्याच्या भावाने जाईल.' मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. बाहेर येऊन सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) टपरीवर बसलो आणि बायकोला म्हणालो, हा माणूस खडूस आहे. ती म्हणाली, 'आजवर भेटलेल्यात यानेच आपले कागद वाचले.'

घर गेलंच. पण मी स्वतः विकलं, बँकेशी एकरकमी तडजोड लेखी करून घेतली आणि भाड्याच्या घरात जायला हातात थोडे पैसे राहिले. आता पाथर्डी फाट्याला राहतो, डिजिटल प्रिंटिंग करतो. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा आहे, कर्ज मिळत नाही. नको पण आहे.


टंकलेखिका_सीबीएस
मी जिल्हा न्यायालयाच्या आवारात टायपिंग करते, २२ वर्षं झाली. वकील नाही, पण अर्ज रोज हाताखालून जातात, तेव्हा चार गोष्टी माहीत आहेत.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे 'दिवाळखोरीचा वकील' अशी पाटी शोधू नका. शहरात २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेचा बोलबाला आहे, पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. तुमची प्रोप्रायटरी फर्म, म्हणजे एकट्याच्या मालकीची. तुमच्यासारख्याला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. (आमच्या आईच्या वेळी नादारी म्हणजे शाळेची फी माफ. तो शब्द कोर्टात ऐकला की मला अजून पाटी-दप्तरच आठवतं.) म्हणून वकिलाला एवढंच विचारा, 'माझी प्रोप्रायटरी आहे, अर्ज कुठे लागेल?' 'एनसीएलटीत टाकू' असं उत्तर आलं की नमस्कार करा. ते कंपनी कायदा न्यायाधिकरण, कंपन्यांचं ठिकाण आहे.

आणि 'सगळं थांबतं' हे खोटं. नादार ठरल्यावर बिनतारणी सावकार-बँका तुमच्यावर परस्पर दावे लावू शकत नाहीत, कोर्टाची परवानगी लागते. पण ज्याच्याकडे तारण आहे त्याचा हात बांधला जात नाही, म्हणजे फ्लॅटवरची बँक मोकळीच. तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, यादीत काही लपवलं तर शिक्षा आहे आणि कर्जातून सुटका लगेच नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे सगळं न सांगता जो ५० हजार मागतो त्याने तुमचे कागद का पाहिले नाहीत ते कळलं ना?

चेकची केस तर फौजदारी. नादारीच्या अर्जाने ती थांबत नाही. कोरा चेक होता म्हणून सुटका होईल असंही समजू नका. सही तुमची असली की देणं होतं असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध तुम्हाला करावं लागतं. चेक परत गेला की नोटीस येते आणि मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. नोटीस घेतली नाही तर वाचू, असं समजणारे रोज बघते.

तीन टक्केवाल्याचं मात्र उलटं आहे. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे. बिगरशेती, बिनतारणी कर्जाला परवानाधारकालाही वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, चक्रवाढ तर नाहीच. तुमचा भाव वर्षाला ३६ पडतो. परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते, शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. त्याला किती महिने व्याज दिलं ते लिहून काढा. वकिलाने हा प्रश्न आपणहून विचारला तर तो कामाचा.

पारखण्याची माझी पद्धत सांगते. ई-कोर्ट्सच्या साइटवर नाशिक जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने शोधता येतं. त्यांच्या केसेस कसल्या आहेत, जमिनीच्या की बँकेच्या की चेकच्या, घरबसल्या दिसतं. फीबद्दल बोला, पण 'जेवढी सूट मिळवून देईन त्याचे इतके टक्के' अशी भाषा आली तर सावध राहा. वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या, आणि मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. झेरॉक्स द्या.

तुमच्या त्या फोनवरच्या एजन्सीला तर हप्त्याचा एक रुपया देऊ नका. मिटवायचा अधिकार बँकेकडे असतो, त्यांच्याकडे नाही.

आणि वहिनींना स्वतंत्र सल्ला हवा असेल तर आमच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. जामीनदार म्हणून त्यांची बाजू वेगळी असू शकते, हे नवऱ्याच्या वकिलाला कधीकधी सुचत नाही.


सातपूरचा_बाळू
त्या ११ लाखांचं कुणी बोलेना! दादा, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची आहे का? असेल तर लघुउद्योगांच्या थकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट रोखता येत नाही, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मी एकदा फक्त तक्रार टाकल्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता. पार्टीचा अकाउंटंट दुसऱ्या दिवशी स्वतः गाळ्यावर आला. पुढचं काम गेलं, ते पण सांगून ठेवतो.


टर्नर_अंबड
सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितोय.

प्रेसवालेभाऊ, तुमच्या वकिलाचं ऐकून मी आधी घरीच गठ्ठे केले. एका फुलस्केपवर तक्ता काढला, कुणाचे किती, तारण काय, जामीनदार कोण, शेवटचा भरणा कधी. बायकोनेच अक्षर काढलं. व्याजाचं लिहून काढल्यावर गरगरलो. ४ लाखांवर २६ महिने बारा-बारा हजार, म्हणजे ३ लाख १२ हजार देऊन झालेत आणि मुद्दल जागेवर!

दोघांकडे गेलो. पहिल्यांनी तक्ता बघून 'छान केलंय' म्हटलं आणि लगेच वकीलपत्र पुढे सरकवलं. 'अर्ज कुठे लागेल' विचारलं तर म्हणाले, ते माझ्यावर सोडा. दुसऱ्या बाई आहेत, ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. ई-कोर्ट्सवर त्यांच्या केसेस पाहिल्या होत्या, चेकच्या आणि बँकांच्याच जास्त. त्यांनी खातेउतारा ओळीओळीने वाचला आणि दोन भरणे बँकेच्या नोटिशीत धरलेच नाहीत हे शोधलं, ६८ हजारांचे. मग विचारलं, 'पतसंस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतलाय का?' मला तो शब्दच माहीत नव्हता. नसेल तर आत्ताच जाऊन हप्ता बांधून घ्या म्हणाल्या. एकदा दाखला निघाला की दिवाणी दाव्याशिवाय वसुली सुरू होते, मेहुण्याच्या पगारापर्यंत पोचते, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला) जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

नादारीचं विचारलं. म्हणाल्या, 'शेवटचं पान आहे ते, पहिलं नाही.' डीआरटीचं काम त्या स्वतः करत नाहीत, वेळ आली तर तिकडच्या सहकाऱ्याकडे देतील, त्याची फी वेगळी. हे आधीच सांगितलं म्हणून बरं वाटलं. हरकतीचा मसुदा तयार आहे, सोमवारी स्पीड पोस्टाने जातोय.

मेहुण्याला काल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पतसंस्थेत तू एकटा जाऊ नको, मी रजा टाकतो.'

ताई, एक विचारायचं होतं. उपनिबंधकांकडची तक्रार पोस्टाने पाठवू की हातानं देऊ?


टंकलेखिका_सीबीएस
हातानं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सोबत त्या २६ महिन्यांचा बँक उतारा जोडा. व्याज रोखीत दिलं असेल तर कुणासमोर दिलं ते आठवून लिहा. स्टॅम्प लागतो का ते खिडकीवरच विचारून घ्या.