गच्चीवर टोमॅटोच्या सहा जाती: चवीची तुलना कशी करावी?

गच्ची_कोथरूड:
गच्चीवर 12 बाय 12 इंचाच्या बारा पिशव्या आहेत, ऊन साधारण सकाळी 10 ते दुपारी 4. या हंगामात सहा जाती, प्रत्येकी दोन रोपं लावायचा विचार आहे: पुसा रुबी, अर्का रक्षक, सान मार्झानो, ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल आणि चेरीमधली सनगोल्ड. नंतर सगळ्यांची चव शेजारी ठेवून बघायची आहे. बी कधी टाकावं? एवढ्या पिशवीत ब्रँडीवाइन येईल का? मागच्या खेपेला सान मार्झानोची फळं बुडाशी काळी पडली. अंड्याची टरफलं कुटून घातली होती, फरक शून्य. आणि एकाच झाडाचं एक फळ गोड, दुसरं पाणचट, मग तुलना करायची कशी?

रोपवाटिका:
आधी वेळ, कारण विलायती जाती इथेच फसतात. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्री 22च्या वर पारा राहिला की परागकण निकामी होतात, फूल देठासकट गळतं. उलट पुण्यात डिसेंबरअखेर रात्र 10-12 अंशांवर आली की फळ कमी धरतं आणि धरलं तरी वेडंवाकडं होतं. मधली फट ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीची. फुलं त्यात यायला हवीत, म्हणून बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेमध्ये टाका आणि 25-28 दिवसांचं रोप पिशवीत लावा. ब्रँडीवाइनला लावणीपासून पहिलं पिकलेलं फळ मिळायला 80 ते 100 दिवस लागतात, तेव्हा ती आणि चेरोकी पर्पल आठवडाभर आधी टाकली तरी चालेल.

ट्रेवर 50 मेशची (इंचाला 50 छिद्रांची) कीटकजाळी हवीच. पानं आकसून वाटीसारखी वळणारा विषाणू पांढरी माशी आणते, आणि रोप लहानपणी सापडलं तर पुढे फळाची आशा धरू नका. औषध नाही, उपटून टाकायचं. मोठ्या रोपांजवळ पिवळे चिकट सापळे टांगा.

12 इंची पिशवीत साधारण 20 लिटर मिश्रण बसतं. पुसा रुबी, अर्का रक्षक, सान मार्झानो त्यात सुखाने येतात. ब्रँडीवाइन आणि चेरोकी पर्पलला 15 बाय 15 द्या, नाहीतर दुपारी पानं माना टाकतात आणि पाणी घालून दमायला होतं. दोन भाग माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. त्या दोन जातींना एक किंवा दोनच खोड ठेवा, बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातले फुटवे) बोटभर झाल्या की खुडा आणि सहा फुटी बांबूला सुतळी सैल बांधा. सकाळी 10 ते 12च्या दरम्यान फुलांच्या घोसामागे टिचकी मारा. पराग आतल्या आत झडतो, मधमाशीची वाट बघायला नको.

वांगी_भरीत:
बूड काळं पडणं हा रोग नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर झाडात चढतं. पाण्याचा मोठा वाटा पानं ओढून घेतात, त्यामुळे फळाच्या टोकाला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी मिळतं. एक दिवस पिशवी कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की फळाची वाढती पेशी कॅल्शियमविना राहते आणि मरते. लांबट फळांच्या जातींत हे जास्त. टरफलं विरघळायला एक हंगाम अजिबात पुरत नाही, ती कुंडीची शोभा म्हणून ठेवा.

दुसरा चोर कोकोपीट. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम भरलेलं असतं आणि ते तुमचं कॅल्शियम धरून ठेवतं. दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या. नंतर रोज ठरलेल्या वेळी पाणी, फळं लागलेल्या झाडाला दिवसाला दोन ते तीन लिटर, वर दोन इंच उसाचं पाचट किंवा वाळका पाला. कॅल्शियम नायट्रेट लिटरला 2 ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळाशी. फवारा मारून फळात फारसं पोचत नाही. सल्फेट किंवा फॉस्फेटची खतं त्याच बादलीत घालू नका, साका होतो. काळी फळं तोडून टाका. बहुधा पहिल्या एक-दोन घोसांतच त्रास होतो.

आंबटगोड:
चवीचं बघू. टोमॅटोची चव म्हणजे साखर, आंबटपणा, वास आणि बियांभोवतीच्या गरातलं, चवीला खोली देणारं ग्लुटामेट. एकाच झाडावर फळं वेगळी लागतात, कारण तोडण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत पाणी किती पडलं, घोसाजवळ पानं किती होती, ऊन किती मिळालं हे बदलतं. म्हणून प्रत्येक जातीची दुसऱ्या किंवा तिसऱ्या घोसातली तीन फळं घ्या, तोडणीआधी सगळ्या पिशव्यांना पाणी सारखं. फ्रिजमध्ये अजिबात नको, 12 अंशांखाली वास घडवणारी द्रव्यं कमी होतात.

फळ उभं कापा. देठाकडचा आणि टोकाकडचा भाग वेगळा लागतो, आडवी चकती फसवते. ताटल्यांवर फक्त आकडे लिहा, नावं दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असू द्यात. पहिला घास बिनमिठाचा, दुसरा चिमूटभर मिठासह, मध्ये पाणी आणि भाकरीचा कोरडा तुकडा. सनगोल्ड शेवटी. ती आधी खाल्ली की पुढचं सगळं सपक लागतं. रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर एक थेंब रस पुरतो: बाजारी फळ 4-5 ब्रिक्स (साखरेचं माप), चेरी 7-9. पण आकड्यावर भुलू नका, आंबटपणा नसलेलं 7 ब्रिक्सचं फळ नुसतं गुळचट असतं.

चेरोकी पर्पलचे खांदे पिकल्यावरही हिरवट राहतात, रंगाची वाट बघाल तर फळ पिठूळ होईल. बोटाने दाबून बघा. सान मार्झानोला कच्चं खाऊन नापास करणं अन्याय आहे. प्रत्येक जातीचे 200 ग्रॅम, चमचाभर तेल, 12 मिनिटं मंद आंच, आणि मग चाखा. अर्का रक्षक जाड सालीचं, टिकाऊ, वाहतुकीला आणि रोगाला पुरून उरणारं वाण आहे. कोशिंबिरीत हरेल, भाजीत नाही. आंबट सारासाठी माझं मत पुसा रुबीला.

गच्ची_कोथरूड:
पिशव्या मोठ्या घेतो. आवडलेल्या जातीचं बी धरता येईल का? आणि फेब्रुवारीअखेर फळं लाल न होता केशरी राहतात, तेव्हा चाखणी बाद समजायची?

रोपवाटिका:
सनगोल्ड आणि अर्का रक्षक संकरित आहेत, त्यांचं बी धरलं तर पुढच्या पिढीत सगळी खिचडी. बाकी चारांचं धरा. ब्रँडीवाइनचा स्त्रीकेसर कधी बाहेर डोकावतो आणि त्यावर दुसऱ्या जातीचा पराग पडू शकतो, म्हणून तिच्या एका घोसावर कळीतच जाळीची पोटली बांधा. गर-बिया वाटीत दोन-तीन दिवस आंबवा, वर पांढरी साय आली की धुऊन सावलीत वाळवा.

केशरी रंगाचं कारण उष्णता. 30 अंशांच्या वर लाल रंगद्रव्य बनणं थांबतं, पिवळं बनत राहतं. फळाच्या बुडाशी गुलाबी छटा दिसली की तोडा आणि घरात, 20-25 अंशांच्या कोपऱ्यात, एका थरात ठेवा. चार-पाच दिवसांत रंग भरतो. चवीत झाडावर पिकलेल्यापेक्षा फरक जेमतेम, मात्र सगळ्या जाती त्याच टप्प्यावर तोडा, नाहीतर तुलना पुन्हा बिघडेल.